पुढच्यास ठेच

फोनवर नव्या अपडेटची सूचना येते आणि आपण ती बोटानं बाजूला सारतो. ‘थांब जरा, आधी बाकीच्यांना करू दे.’ आठवडाभरानं ग्रुपवर कुणीतरी विचारतं, ‘केलं का रे कुणी अपडेट? बॅटरी उतरते का?’ कुणाचा कॅमेरा रुसलेला असतो, कुणाच्या स्क्रीनवर हिरवी रेघ आलेली असते. मग आपण आणखी आठवडाभर थांबतो. यात वावगं काहीच नाही. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण स्मार्टफोनच्या कितीतरी आधीची आहे.

मला मात्र या म्हणीतल्या पुढच्याबद्दल कायम कुतूहल वाटत आलंय. मागचा शहाणा होतो हे ठीक. पण पुढचा कोण असतो? तो पुढे का चालतो? आणि सगळ्यांनीच मागे थांबायचं ठरवलं, तर ठेच कुणाला लागणार आणि शहाणं कोण होणार?

या प्रश्नाचा रीतसर विचार केलेली एक जागा मला माहीत आहे. तिचं नाव डेबियन.

लिनक्स म्हणजे खरं तर नुसता गाभा, कर्नल. त्याच्याभोवती ब्राउझर, फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर असे हजारो प्रोग्रॅम गोळा करून, ते एकमेकांशी जुळवून, वापरायला तयार अशी जी सिस्टिम मिळते तिला डिस्ट्रो म्हणतात. इयन मर्डॉकनं ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली. तेव्हाची त्याची मैत्रीण डेब्रा आणि तो इयन, म्हणून डेबियन. आज त्यात ६० हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत आणि ती जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात. मागे कंपनी नाही. उबुंटूसारखी लोकप्रिय डिस्ट्रोसुद्धा आपला बराचसा माल डेबियनमधूनच उचलते.

डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला ‘टॉय स्टोरी’ या सिनेमातल्या एखाद्या पात्राचं नाव असतं. १९९६ च्या सुमारास डेबियनचं नेतृत्व करणारा ब्रूस पेरेन्स तेव्हा पिक्सारमध्ये नोकरीला होता, तेव्हापासूनची ही प्रथा. बझ, वुडी, लेनी, बुकवर्म आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेली ट्रिक्सी. ही सगळी ‘स्टेबल’ म्हणजे स्थिर आवृत्त्यांची नावं. पण एक नाव कधीच बदलत नाही. शेजारच्या घरात राहणारा, खेळणी मोडून-तोडून त्यांची विचित्र जोडकामं करणारा तो सिड आठवतोय? डेबियनच्या ‘अनस्टेबल’ शाखेचं नाव कायमचं सिड आहे.

नवं पॅकेज आधी सिडमध्ये येतं. तिथे काही दिवस राहतं. किती निकडीचं आहे त्यानुसार साधारण दोन, पाच किंवा दहा दिवस. तेवढ्यात कुणी गंभीर बग नोंदवला नाही, त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस जागेवर असली आणि चाचण्या पार पडल्या, तर ‘ब्रिटनी’ नावाचा प्रोग्रॅम त्याला ‘टेस्टिंग’ शाखेत सरकवतो. दोनेक वर्षांनी टेस्टिंगचं दार हळूहळू बंद करायला घेतात. त्याला फ्रीझ म्हणतात. मोठे बदल थांबतात, फक्त दुरुस्त्या चालू राहतात, आणि शेवटी टेस्टिंगचंच नाव स्टेबल होतं. त्यानंतर स्टेबलमध्ये जवळजवळ काहीच नवं येत नाही. सुरक्षेची भोकं बुजवतात, पण तीही शक्यतो नवी आवृत्ती न आणता, जुन्याच आवृत्तीला ठिगळ लावून. दोन वर्षांपूर्वी जे बटण जिथे होतं ते आजही तिथेच असतं.

म्हणजे ‘आधी बाकीच्यांना करू दे’ या आपल्या घरगुती शहाणपणाची डेबियननं चक्क यंत्रणा केली आहे. पुढे चालणाऱ्यांची एक रांग, मधल्यांची एक, मागच्यांची एक.

माझा मामा मागच्या रांगेत आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला. खरं काम ऑनलाइन फॉर्म भरणं, सातबारा काढून देणं, अर्ज टाइप करणं. तिथला कॉम्प्युटर जुना, त्याच्यावर मी डेबियन स्टेबल टाकून दिलंय. शिष्यवृत्तीच्या फॉर्मच्या शेवटच्या तारखेला दुकानाबाहेर पोरांची रांग लागते. त्या दिवशी प्रिंटर चालला नाही तर एखाद्या पोराचं वर्षाचं नुकसान होऊ शकतं. एकदा मी त्याला नव्या आवृत्तीबद्दल उत्साहानं सांगायला लागलो, तर त्यानं मला मध्येच तोडलं. ‘आरं, नवीन काय आसंल ते तुझ्या लॅपटॉपात घाल. हितं गिऱ्हाईक हुबं आसतंय.’

स्टेबल कशासाठी असतं याचं याहून नेमकं उत्तर मी कुठल्या मॅन्युअलमध्ये वाचलेलं नाही.

आणि त्यानं सांगितलं तेच मी करतो. माझ्या लॅपटॉपवर सिड आहे. दिवसभर ऑफिसमध्ये मी ज्या सर्व्हरवर काम करतो ते सगळे स्टेबल, तिथे आवृत्तीचा एक आकडा बदलायचा तरी चार लोकांच्या सह्या लागतात. घरी आलो की सिड. सकाळी अपडेट मारायचं, चहा टाकायचा आणि आज काय हललंय ते बघायचं. बहुतेक दिवशी काहीच हललेलं नसतं. कधी ब्लूटूथ गायब होतं, कधी लॉगिनचा पडदा काळा येतो. तास-दोन तास जातात.

तुम्ही विचाराल, असे दोन टोकांना दोन कॉम्प्युटर कशाला? एकाच मशीनवर स्टेबल ठेवून हवी तेवढी चार पॅकेजेस सिडमधून घेता येत नाहीत का? सुचतं सगळ्यांनाच. पण सिडमधलं पॅकेज एकटं येत नाही. ते ज्या लायब्ररींवर उभं असतं त्यांच्याही नव्या आवृत्त्या मागतं. त्यांतली एखादी सी लायब्ररीसारखी पायाभूत निघाली, तर अख्खं घरच तिच्यावर उभं असतं. दरवाजा बदलायला गेलो आणि चौकट काढावी लागली, चौकट काढली तर भिंत आली, असा तो प्रकार. डेबियनच्या विकीवर अशा मिसळीला ‘फ्रँकन-डेबियन’ म्हटलंय आणि ती करू नका असं स्वच्छ सांगितलंय.

मधला रस्ता आहे. ‘बॅकपोर्ट्स’ नावाच्या साठ्यात टेस्टिंगमधली निवडक पॅकेजेस स्टेबलवर चालतील अशी नव्यानं बांधून ठेवलेली असतात. पाया जुनाच राहतो, वरचा मजला नवा मिळतो. कुठल्या साठ्याला किती मान द्यायचा हे आकड्यांनी ठरतं. नेहमीच्या साठ्याचा मान ५००, बॅकपोर्ट्सचा १००, आणि सिडच्याही पलीकडे ‘एक्सपेरिमेंटल’ नावाची शाखा आहे, तिचा मान १. लग्नात सगळ्यांना आमंत्रण असतं, पण पहिल्या पंगतीला कोण बसणार हे ठरलेलं असतं, तसं. एक्सपेरिमेंटलमधलं पॅकेज दारात उभं असतं. तुम्ही नाव घेऊन बोलावल्याशिवाय ते आत पाऊल टाकत नाही.

इथवर सगळं तंत्राचं झालं. स्थिर आणि नवं यांचा तोल म्हणजे आकड्यांची नीट जुळणी, असं मलाही बरेच दिवस वाटायचं. ते चित्र पुरेसं नाही, हे २०२४ च्या मार्चमध्ये दिसलं.

‘एक्सझेड’ हे फाइल दाबून लहान करणारं एक साधंसं साधन आहे. ते जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ‘जिया टॅन’ हे नाव वापरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं त्यात इमानेइतबारे काम केलं, विश्वास कमावला, देखभालीचे अधिकार मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदार बसवलं. सर्व्हरमध्ये दुरून लॉगिन करायची जी एसएसएच नावाची सोय असते, ती फोडण्यासाठी. या आवृत्त्या सिडमध्ये आल्या. ठरलेले दिवस सिडमध्ये निघाले आणि तो माल टेस्टिंगमध्येही पोचला. घड्याळाला काहीच कळलं नाही. कळणार कसं? दिवस मोजणं एवढंच त्याचं काम.

पकडलं ते एका माणसानं. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेव्हलपर. डेबियन सिडवर तो वेग मोजायच्या चाचण्या घेत होता. एसएसएच लॉगिनला ०.३ सेकंद लागायचे तिथे ०.८ लागताना दिसले. अर्ध्या सेकंदाचा फरक. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. यानं प्रोसेसर कुठे खर्च होतोय ते पाहिलं, पूर्वी व्हॅलग्राइंड या तपासणीच्या साधनानं दिलेले चमत्कारिक इशारे त्याला आठवले, आणि धागा ओढत ओढत तो एक्सझेडपर्यंत पोचला. २९ मार्च २०२४ ला त्यानं ते जाहीर केलं. डेबियनच्या कुठल्याही स्टेबल आवृत्तीपर्यंत ते चोरदार पोचलं नव्हतं. उबुंटू २४.०४ ची बीटा आठवडाभर पुढे ढकलली गेली. डेबियननं घाईनं जुना कोड परत आणला आणि त्या पॅकेजच्या आवृत्तीचं नाव ठेवलं ‘५.६.१+रिअली५.४.५’. म्हणजे म्हणायला ५.६.१, खरं म्हणाल तर ५.४.५. इतका प्रांजळ आवृत्ती क्रमांक मी दुसरा पाहिलेला नाही.

मामाचं दुकान वाचलं ते वाट पाहिल्यामुळे नाही. ती वाट पाहिली जात असताना कुणीतरी सिडवर काम करत होतं आणि त्याला अर्धा सेकंद खटकला, म्हणून वाचलं.

याची उलटी बाजूही आहे आणि ती डेबियनच्याच इतिहासात आहे. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये एक छोटा बदल झाला. व्हॅलग्राइंड इशारे देत होतं, म्हणून ते शांत करायला कोडमधला एक भाग बंद केला गेला. त्या भागातूनच किल्ल्या बनवण्यासाठी लागणारा बेभरवसा, अंदाज न येणारा मालमसाला मिळत होता. तो गेल्यावर एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या फक्त ३२ हजारांच्या आसपास वेगवेगळ्या किल्ल्या बनू शकत होत्या. कुणीही बसून सगळ्या लावून पाहाव्यात इतक्या थोड्या. हा बदल सिडमध्ये आला, टेस्टिंगमध्ये गेला, एप्रिल २००७ मध्ये ‘एच’ या स्टेबल आवृत्तीत विराजमान झाला आणि मे २००८ मध्ये लुसियानो बेल्लो या डेव्हलपरला सापडेपर्यंत, सुमारे वीस महिने, तसाच राहिला.

तेव्हाही सिड वापरणारे होतेच. पण प्रत्येकाला आपली किल्ली वेगळीच दिसत होती. किल्ली चालत होती, कुलूप उघडत होतं. ठेच लागत होती, पण कळत नव्हती. एकाच साधनाचा इशारा २०२४ मध्ये एकानं धागा म्हणून धरला आणि २००६ मध्ये तोच कटकट म्हणून गप्प करण्यात आला. पुढे चालणारे असून भागत नाही. जी चूक आहे ती दिसणारे डोळे त्या रांगेत असावे लागतात.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. मला ते पटलं ते ‘ऱ्य’ मुळे.

२०२५ च्या जानेवारीत मामानं एका अर्जाचा नमुना पाठवला. समास नीट करून दे म्हणाला. मी फाइल उघडली, तर पहिल्याच ओळीतल्या ‘शेतकऱ्याचे नाव’ मध्ये गडबड. ‘ऱ्य’ च्या जागी खाली ठिपका असलेला र, त्याचा पाय मोडलेला, आणि पुढे सुटा य. एखादं अक्षर अपघातात सापडावं तसं. मामाला फोन केला. त्याच्याकडे तीच फाइल व्यवस्थित दिसत होती. फरक एवढाच होता की माझ्याकडे सिडमध्ये त्या फॉन्टची नवी आवृत्ती आली होती आणि तिच्यात हा अर्धा ऱ हरवला होता.

मराठी न वाचणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. पण आपल्याकडे ‘आचार्यांचा’ आणि ‘आचाऱ्यांचा’ यात एक विद्वान आणि एक स्वयंपाकी एवढं अंतर आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. वारा, सुरी, दोरी, किनारा, शेतकरी, कुणाचंही अनेकवचनी सामान्यरूप करा, ऱ्य हजर. हिंदीला हे अक्षर लागत नाही. त्यामुळे देवनागरी वाचणारे कोट्यवधी लोक तो फॉन्ट वापरत असले, तरी ही मोडतोड त्यांच्या वाटेत येणारच नव्हती.

मी बग नोंदवला. पॅकेज सांभाळणारा युरोपातला कुणी स्वयंसेवक होता. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. ही लिपी मला वाचता येत नाही, असं त्यानं आधीच सांगितलं. दोन चित्रं पाठव म्हणाला, आत्ता कसं दिसतंय आणि कसं दिसायला हवं. मी मामाच्या दुकानातल्या स्क्रीनचा फोटो मागवला, माझ्या स्क्रीनचा घेतला आणि दोन्ही पाठवले. सोबत आचार्य आणि आचारी यांची गोष्टही लिहिली. तो हसला असावा, कारण उत्तराच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं की स्वयंपाक्याची बाजू मी मांडतो. फॉन्ट बनवणाऱ्यांपर्यंत त्यानंच निरोप पोचवला. तीनेक आठवड्यांनी दुरुस्त आवृत्ती सिडमध्ये आली, पाच दिवसांनी ब्रिटनीनं ती टेस्टिंगमध्ये सरकवली. मार्चच्या मध्यापासून ट्रिक्सीचं फ्रीझ सुरू झालं.

मी काही पराक्रम केला नाही. एक मेल आणि दोन फोटो. पण हिशेब करून पाहा. स्टेबलमध्ये चांगलं ते गोठतं, तसं वाईटही गोठतं. जुनी भोकं बुजवायची सोय आहे, पण ती गंभीर दोषांसाठी. एक मोडकं जोडाक्षर बहुतेक पुढच्या आवृत्तीपर्यंत तसंच राहिलं असतं. मामाचं मशीन ट्रिक्सीवर गेल्यावर दोन वर्षं त्याच्या दुकानातून निघणाऱ्या अर्जावर शेतकऱ्याचं नाव लिहायची जागा मोडकी छापली गेली असती. आणि मामानं काय केलं असतं? त्यानं ‘शेतकरी नाव’ असं काहीतरी लिहून वेळ मारून नेली असती. लोक असंच करतात. कॉम्प्युटरला जमत नाही म्हटल्यावर भाषाच थोडी वाकवतात आणि पुढच्या माणसाला वाटतं, मराठी अशीच असते.

म्हणून मला हल्ली ‘स्टेबल’ हा शब्द ऐकला की विचारावंसं वाटतं, कुणासाठी स्टेबल? ज्या भाषेचे, ज्या प्रिंटरचे, ज्या कामाचे लोक पुढच्या रांगेत होते, त्यांच्यासाठी. त्यांनी ठेचा खाल्ल्या, म्हणून तो रस्ता साफ झाला. ज्यांचं पुढे कुणीच नव्हतं त्यांचा रस्ता कुणी चालून पाहिलेलाच नसतो. त्यांच्या वाट्याला येतो तो नुसता जुना रस्ता.

आपल्या इंजिनिअर मंडळींत स्टेबल वापरण्याला प्रौढपणा समजतात. कॉलेजात असताना रोज नवी डिस्ट्रो टाकायची, नोकरी लागली की मुकाट्यानं स्थिर आवृत्तीवर यायचं. ‘आता तेवढा वेळ नाही रे.’ ते खरंही असतं. घर, प्रवास, ऑन-कॉल या सगळ्यातून वेळ काढून सकाळी काळा पडदा कोण बघत बसणार? पण हळूहळू ज्यांना ठेच परवडते असे सगळेच मागे सरकतात आणि मग मागच्यांच्या वाट्याला फक्त नशीब उरतं.

मामानं सिडवर यावं असं मी कधीच म्हणणार नाही. ज्याच्यासमोर गिऱ्हाईक उभं आहे त्यानं मागच्याच रांगेत असावं, तो त्याचा हक्क आहे. तोल साधायचा म्हणजे प्रत्येकानं अर्धं जुनं, अर्धं नवं घ्यायचं असंही नाही. ज्याची एक सकाळ वाया गेली तरी कुणाचं वर्ष वाया जात नाही, त्यानं थोडं पुढे चालायचं. माझी सकाळ वाया गेली तर फार तर माझा चहा गार होतो.

त्यासाठी माझ्यासारखं रोज सिडवर राहायचीही गरज नाही. घरात पडलेला जुना लॅपटॉप असेल तर त्यावर टेस्टिंग टाकता येतं. तेही नसेल तर आहे त्याच मशीनमध्ये एक आभासी मशीन बसवता येतं, बिघडलं तर पुसून टाकायचं. महिन्यातून एकदा ते उघडायचं, अपडेट करायचं आणि आपलं रोजचं एक काम तिथे करायचं. मराठीतलं एक पान टाइप करायचं. मोडी किंवा कोकणी लिहीत असाल तर ते. आजीच्या जुन्या प्रिंटरवर एक कागद काढायचा. काही खटकलं, अगदी अर्ध्या सेकंदाइतकं, तर ‘रिपोर्टबग’ नावाचा प्रोग्रॅम चालवून ते कळवायचं. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, चित्र जोडलं की समोरच्याला कळतं.

पुढच्या स्टेबलचं नाव फोर्की ठरलंय. सध्या ती टेस्टिंगमध्ये आहे, दार अजून उघडं आहे. मी परवाच तिच्यात एक ओळ टाइप करून पाहिली: ‘वाऱ्यावरच्या दोऱ्या किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या.’ अर्थ फारसा नाही, पण तिन्ही ‘ऱ्य’ धडधाकट आहेत.